राखीव

जोतीराम चौगुले सामना कधी सुरू करायचा नाही.
सुरुवातीला उंच पोरं असायची, पेपरातल्या फोटोला बरी.
हा युनिव्हर्सिटीच्या मैदानाकडेला, बाभळीखाली,
पाण्याच्या पालथ्या पिंपावर,
उजव्या हातात जुन्या स्वेटरची एकच बाही चढवून,
मे महिन्यातसुद्धा.
लोक विचारायचे, हात मोडलाय काय ह्याचा?
मी म्हणायचो, न्हाई, तापवत ठेवलाय.

आमच्या गावाला कुस्ती कळते.
फुटबॉलवरून पेठा एकमेकींशी बोलायच्या बंद होतात.
बेसबॉल म्हटलं की, "ते व्हय, सोट्यानं हाणायचं?"
साखर कारखान्यानं त्याला त्या हातासाठी नोकरी दिली;
कागदावर वजनकाट्याचा कारकून.
हंगामात उसाच्या ट्रॉल्या मोजायचा,
स्पर्धा लागली की रजेचा अर्ज न टाकता गायब.
साहेब विचारायचे नाहीत. पगारही वाढवायचे नाहीत.

मी त्याचा कॅचर. अकरा वर्षं त्याच्यापुढं उकिडवा बसलो.
उजव्या तर्जनीचं वरचं पेर अजून वाकडं आहे,
सही करताना आडवं येतं.

तो यायचा तेव्हा सगळं बिघडलेलं असायचं.
तिन्ही बेसवर त्यांची माणसं,
आपली आघाडी एकाची,
आणि कोचांची हनुवटी जराशी वर. बस.
तो पळत यायचा नाही.
मंडईतून कोथिंबिरीची जुडी घेऊन निघाल्यासारखा
चालत यायचा.
दुसऱ्यानं सांडलेलं पुसायचं, फडकं पिळायचं, घरी जायचं.
दुसऱ्या दिवशी पेपरात सांडणाऱ्याचं नाव.

खिशात जोतिबाचा गुलाल, बोटांना चिमूटभर.
अमरावतीचा एक पंच चेंडू उजेडात धरून बघत राहिला.
बदलला. दुसराही गुलाबी.
तिसऱ्यानंतर हळूच म्हणाला,
डोंगर किती लांब आहे इथून?

जालंधरचं सांगतो. सांगायचं नव्हतं.
शेवटची इनिंग, दोघं बाद, एक उरलेला.
मी दोन बोटं दाखवली. म्हणजे, वळव.
त्यानं मान हलवली, नाही.
मी पुन्हा दोनच दाखवली.
त्यानं ऐकलं.

चेंडू कुंपणापलीकडच्या मोहरीत गेला.
कुणी शोधायलाही गेलं नाही.
दोन रात्रींच्या गाडीत तो एकदाच बोलला,
मिरजेला उतरून बाकावर चहा घेताना:
"चेंडू चांगला हुता."
माझ्या बोटांबद्दल कुणाला बोलला नाही.
मीही नाही. हे पहिल्यांदाच लिहितोय.

पुढं खांदा गेला.
तालमीत वस्तादांनी महिनाभर तेल जिरवलं,
सांगलीच्या डॉक्टरनं काचेवर फोटो लावून
आत काय उसवलंय ते पेन्सिलीनं दाखवलं.
जोतीराम म्हणाला, शिवण म्हटलं की उसवणारच.
वजनकाटा कॉम्प्युटरवर गेला.
बाही घरातल्या मांजराला अंथरली.

गेल्या श्रावणात माझा थोरला भाऊ सीपीआरमध्ये होता.
आठ रात्री मी जागलो.
नवव्या रात्री, अडीचच्या सुमाराला,
कॉरिडॉरच्या टोकाकडून चपलांचा करकर आवाज.
घाई नाही.
मी बोलावलं नव्हतं;
फोनवर कधीतरी माझी हनुवटी वर गेली असेल.
स्टूल ओढून बसला.
"झोप जा की मर्दा. आता मी हाय."

मी भिंतीकडेला पेपर पसरला आणि मेल्यासारखा झोपलो.

उजाडलं तेव्हा तो तसाच बसलेला,
डोळे सलाईनच्या थेंबावर,
उजवा हात मांडीवर,
दोन बोटं जवळ, अंगठा खाली,
मधे काहीच नसताना.
मी विचारलं, काय?
म्हणाला, चालू हाय अजून.